लाउबरहॉर्नची शर्यत पाहायला यायचंय? आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, तेरा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या आई जानेवारीत आठ-नऊ दिवसांसाठी पुण्याहून स्वित्झर्लंडला यायचं म्हणताय. मुलाने वेंगेन गावची लाउबरहॉर्न डाउनहिल, म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली येण्याची स्कीइंगची शर्यत, टीव्हीवर पाहिली आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाहीये. राहायचं कुठे, तिकीट कोणतं काढायचं, आईंना झेपेल का, आणि शनिवारची मुख्य शर्यत चुकू नये म्हणून काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी सोळा वर्षं बर्नमध्ये राहते. या शर्यतीला बारा वेळा गेले आहे. एकदा आई-बाबांना घेऊन, आणि दोनदा भारतातून आलेल्या नातेवाइकांची वरात सांभाळत. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या प्रश्नांचा क्रम उलटा करावा लागेल. हॉटेल, पास, विमान हे सगळं नंतर. डोंगरावर तुम्ही नक्की कुठे उभे राहणार, हे आधी ठरवा. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

पालखी पाहायला जाताना आपण नुसतं "पालखी पाहायचीय" म्हणून घराबाहेर पडत नाही ना? लक्ष्मी रस्त्यावर उभं राहायचं की दिवे घाटात, हे आधी ठरवतो. कारण गर्दी वेगळी, परतीची वाट वेगळी आणि दिसणारी पालखीही वेगळी. इथेही तसंच आहे. फरक एवढाच, की इथला वारकरी तुमच्यासमोरून तीन-चार सेकंदांत निघून जातो.

ही शर्यत स्कीइंगच्या विश्वचषक मालिकेतली सगळ्यात लांब डाउनहिल आहे. साधारण साडेचार किलोमीटर. सुरुवात 2315 मीटरवर आणि शेवट वेंगेन गावाजवळ 1287 मीटरवर. एवढं अंतर खेळाडू अडीच मिनिटांच्या आसपास कापतात. वाटेतल्या हानेगशुस नावाच्या सरळ उतारावर 2013 मध्ये फ्रान्सच्या योहान क्लॅरेचा वेग ताशी 161.9 किलोमीटर मोजला गेला होता. म्हणजे सेकंदाला जवळपास पंचेचाळीस मीटर. तिथे उभं राहून तुम्ही मुलाला "तो बघ" म्हणेपर्यंत "तो" पुढच्या वळणावर गेलेला असतो. पहिल्या वर्षी मी हौसेने अशाच एका सरळ पट्ट्यापाशी उभी राहिले होते. चाळीसेक रंगीत रेघा पाहिल्या आणि घरी येऊन कोण जिंकलं ते टीव्हीवर कळलं.

त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी खऱ्या अर्थाने दोनच जागा आहेत.

पहिली म्हणजे खाली, शर्यत संपते ते मैदान. वेंगेन स्टेशनवरून बर्फ दाबून केलेल्या वाटेने चालत जाता येतं. इथे मोठा पडदा असतो, त्यामुळे वरपासून खालपर्यंतची पूर्ण शर्यत कळते, आणि शेवटची त्सील-एस ही वळणं व अखेरची उडी प्रत्यक्ष दिसते. टीव्हीवर ही वळणं सोपी वाटतात. पण दोन मिनिटांहून जास्त वेळ गुडघ्यांत वाकून आल्यावर मांड्यांत काही उरलेलं नसतं, आणि नेमकी तिथेच जोडवळणं येतात. 2024 मध्ये नॉर्वेचा आलेक्सांडर आमोट किल्डे इथेच पडून जबर जखमी झाला. 1991 मध्ये ऑस्ट्रियाचा तरुण खेळाडू गेर्नोट राइनश्टाडलर याच भागात पडला आणि वाचला नाही. हे घाबरवायला सांगत नाहीये. पण खेळाडू त्सील-एसमध्ये शिरताना सगळं मैदान क्षणभर गप्प का होतं, हे मुलाला कळायला हवं. रेषा ओलांडली की मग घंटा, भोंगे, "होप श्विझ!" (चला, स्वित्झर्लंड!) असा गदारोळ.

दुसरी जागा वर, हुंडशोफच्या समोर. हुंडशोफ म्हणजे शब्दशः कुत्र्याच्या डोक्याचा झुपका. दोन खडकांच्या मधल्या अरुंद फटीतून खेळाडू अक्षरशः कड्यावरून झेप घेतात. समोरच्या गिर्मशबील नावाच्या उंचवट्यावर प्रेक्षकांसाठी जागा असते. तिथून हुंडशोफ, पुढची मिन्श-कांटं आणि कॅनेडियन कॉर्नर अशी एकापाठोपाठ एक ठिकाणं दिसतात. ही नावं पडलेल्या माणसांची आहेत: योस मिन्श 1965 मध्ये तिथे पडला, आणि 1976 मध्ये "वेडे कॅनेडियन" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघातले केन रीड आणि डेव्ह अर्विन त्या वळणावर गेले. पुढे खाली ऑस्ट्रियनांचा खड्डा म्हणूनही एक जागा आहे. 1954 मध्ये त्यांचे एकामागून एक खेळाडू तिथे आपटले, तेव्हापासूनचं हे नाव. यजमानांनी पाहुण्यांची आठवण अशी जपलीये.

गिर्मशबीलला जायला वेंगेनच्या पुढच्या वेंगर्नआल्प स्टेशनवर उतरून चालत जावं लागतं. मागे आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरं इतकी जवळ की मान वर करावी लागते. माझं स्वतःचं मत विचाराल तर जागा ही. शर्यत इथे दिसते, खालच्या मैदानात निकाल दिसतो. पण ऊन गेलं की इथली थंडी हाडांत शिरते, शौचालयाला रांग लागते, आणि परतीच्या गाडीसाठी आणखी मोठी रांग. आईंना शनिवारी इथे आणू नका. मुलाला मात्र आणाच.

"दोन्ही कसं जमणार?" तर इथेच शनिवारचं वेड थोडं बाजूला ठेवावं लागेल.

ही शर्यत एका दिवसाची नसते. आठवडाच तिचा असतो. डाउनहिलच्या आधी खेळाडूंना सराव फेरी द्यावीच लागते. किमान एक तरी वेळ मोजलेली सराव फेरी झाल्याशिवाय डाउनहिल घेता येत नाही, हा आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचा नियमच आहे. म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांत सराव असतो. तेच खेळाडू, तोच मार्ग, तीच उडी, आणि प्रेक्षक मोजके. पुढे साधारणपणे शुक्रवारी सुपर-जी (डाउनहिलपेक्षा जास्त वळणांची वेगाची शर्यत), शनिवारी डाउनहिल आणि रविवारी स्लॅलम (जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून झपाझप वळत यायची शर्यत). नेमका क्रम दरवर्षीच्या वेळापत्रकात पाहून घ्या. टीव्हीमुळे आणि हवामानामुळे त्यात अदलाबदल होते.

तुमच्या कुटुंबासाठी मी असं करीन. सरावाच्या दिवशी चौघांनी मिळून वर जायचं. आईंना वेंगर्नआल्पच्या पुढच्या क्लायने शायडेग स्टेशनपर्यंत गाडीने न्यायचं, तिथे उपाहारगृहात काचेमागे बसवायचं, चहा-सूप मागवायचं. 2061 मीटरची उंची आहे, हिंडत्याफिरत्या माणसाला सहसा त्रास होत नाही. बाबा आणि मुलगा तेवढ्या वेळात वेंगर्नआल्पला उतरून हुंडशोफ पाहून येतात. शुक्रवारी विश्रांती किंवा सुपर-जी, जशी अंगात ताकद असेल तशी. शनिवारी फक्त हे दोघं, पहाटेच्या गाडीने. आणि रविवारी पुन्हा सगळे, स्लॅलमला.

रविवार लोक उगाच सोडून देतात. स्लॅलमच्या दोन फेऱ्या असतात, एक सकाळी, एक दुपारी. उतार छोटा, त्यामुळे खाली उभं राहून बराचसा मार्ग डोळ्यांनी दिसतो, पडद्याकडे पाहावं लागत नाही. शनिवारी तीस हजारांच्या वर माणसं असतात. रविवारी श्वास घेता येतो. शिवाय पहिल्या फेरीत तिसाव्या क्रमांकावर आलेला खेळाडू दुसऱ्या फेरीत सगळ्यात आधी निघतो आणि पहिला आलेला सगळ्यात शेवटी, त्यामुळे चुरस शेवटच्या माणसापर्यंत टिकते. डाउनहिलमध्ये नामवंत खेळाडू सुरुवातीच्या वीसेक क्रमांकांत येऊन जातात आणि मग हळूहळू लोक सॉसेजच्या रांगेकडे वळतात. स्लॅलम समजायला आईंनाही पाच मिनिटं पुरतील.

आता गाड्यांकडे येऊ, कारण अर्धी सहल त्यातच आहे.

वेंगेनला मोटारगाडी जातच नाही. गावात पोहोचायचा मुख्य मार्ग: दातेरी रुळांची वेंगर्नआल्प रेल्वे, 1893 पासून चालू असलेली. त्यामुळे गाडी भाड्याने घेऊ नका. हिवाळी टायर, घाटात बर्फ, लाउटरब्रुनेनच्या वाहनतळावर शनिवारी पहाटेची मारामारी, आणि एवढं करून शेवटी त्याच रेल्वेत बसायचं. झुरिक विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्टला सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचता. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, तेच घ्या. जानेवारीत मध्ये कुठे तरी उतरून बर्फामुळे पुढचं विमान चुकवण्याची हौस नको.

इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेनला वीस मिनिटं, तिथे गाडी बदलून वेंगेनला आणखी पंधराएक मिनिटं. यात एक गंमत आहे. इंटरलाकेनहून निघालेली गाडी त्स्वायल्यूचिनेन नावाच्या छोट्या स्टेशनावर दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. फलाटावर कोणत्या विभागात उभं राहायचं ते लिहिलेलं असतं, डब्यावरही पाटी असते. मी पहिल्या वर्षी मैत्रिणीशी बोलत बोलत चढले आणि दोघी ग्रिंडेलवाल्डला पोहोचलो. वाटेत खिडकीतून दरी भलत्याच बाजूला दिसली तेव्हा शंका आली, पण मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला "गाडी चुकली" हे कबूल करणं जड जातं. मुलाला हे काम द्या: डब्यावरची पाटी वाचल्याशिवाय कोणी चढायचं नाही.

ग्रिंडेलवाल्डची बाजू अगदीच निरुपयोगी नाही. क्लायने शायडेगला तिकडूनही दातेरी रेल्वे येते, आणि 2020 च्या डिसेंबरपासून ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून आयगरग्लेचर स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटांत नेणारी मोठी केबलकार आहे. हुंडशोफकडे जाणाऱ्यांना शनिवारी ही बाजू कधी कधी कमी गर्दीची पडते. पण तिकीट काढताना एक पाहा. शर्यतीच्या तिकिटात बहुतेकदा रेल्वेचा काही भाग धरलेला असतो. कुठून कुठपर्यंत, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तुमच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास (देशभरच्या गाड्यांसाठीचा पर्यटकांचा पास) असेल तर तो वेंगेन आणि ग्रिंडेलवाल्डपर्यंत पूर्ण चालतो, त्याच्या वर फक्त सवलत मिळते. म्हणजे एकच पट्टा दोनदा विकत घेण्याची चूक अगदी सहज होते. मुलगा सोळाच्या आत असल्यामुळे आई-वडिलांच्या पासबरोबर त्याचं फॅमिली कार्ड फुकट मिळतं, ते मागून घ्या. एकाच गावात मुक्काम ठेवून फारसं फिरणार नसाल तर पासाऐवजी हाफ फेअर कार्ड (अर्ध्या भाड्यात तिकीट मिळवून देणारं) स्वस्त पडतं का, याचाही कागदावर हिशोब करा. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलाय, तेव्हा या आकडेमोडीला लाजू नका.

मुक्काम. वेंगेनमध्येच राहायला मिळालं तर स्वर्ग, पण त्या आठवड्यात संघ, प्रशिक्षक, टीव्हीवाले आणि वर्षानुवर्षं तीच खोली राखून ठेवणारी कुटुंबं यांनी गाव भरलेलं असतं. वर्षभर आधी विचारूनही नाही म्हणतात. माझी पसंती विल्डर्सविलला. इंटरलाकेन ओस्टनंतरचं पहिलंच स्टेशन, शांत गाव, हीच गाडी तिथे थांबते. फक्त शनिवारी तिथे चढायला जागा मिळेल, बसायला नाही. आईंसाठी बसायची जागा महत्त्वाची असेल तर इंटरलाकेन ओस्टच्या जवळ राहा, गाडी तिथूनच सुटते. स्टेशनसमोर सुपरमार्केट आहे, दही, ब्रेड, फळं सगळं मिळतं. जानेवारीत इंटरलाकेन निवांत असतं. मे महिन्यात आपल्या पर्यटकांच्या बसगाड्या लागतात ते हेच गाव, यश चोप्रांचा पुतळा असलेलं, पण हिवाळ्यात ओळखू येत नाही. बर्न किंवा थूनलाही राहता येईल. मात्र रोजचे जाऊन-येऊन अडीच-तीन तास आईंना जड जातील.

शनिवारची पहाट कशी असते ते सांगते. शर्यत दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास सुरू होते, आणि लोक सहा-सातपासून गाड्यांत असतात. बाबा आणि मुलाने साडेसातच्या आत इंटरलाकेन सोडायचं. डब्यात खांद्यावर भल्यामोठ्या घंटा घेतलेले बाप्ये, गालावर लाल-पांढरा रंग, सकाळी आठलाच कॉफीत काहीतरी ओतलेलं, आणि आपल्या गावच्या खेळाडूच्या नावाचा फलक. स्विस खेळाडू मार्को ओडरमाटने 2024 आणि 2025 ची डाउनहिल जिंकल्यापासून तर विचारू नका. 2025 मध्ये दुसरा आलेला फ्रान्यो फॉन आल्मेन जवळच्याच झिमेनटालचा, त्यामुळे ओबरलांडची, म्हणजे या डोंगराळ भागातली, मंडळी त्याच्यासाठी घसा फोडतात. हे लोक एरवी डब्यात मोठ्याने बोलणाऱ्याकडे वळून पाहणारे आहेत, हे लक्षात ठेवलं की मजा दुप्पट.

शर्यतीआधी आकाशात पात्रुई स्विस येते, स्विस हवाई दलाची कसरती तुकडी. सहा लाल-पांढरी टायगर विमानं आयगरच्या भिंतीसमोरून इतक्या खालून जातात की तुम्ही वर असाल तर ती डोळ्यांच्या उंचीवर दिसतात. अर्थात ढग नसतील तर. मुलाने विमानांचं काही पाहिलेलं नसेल तर आधी सांगू नका.

एक दृश्य मात्र टीव्हीने कधीच नीट दाखवलेलं नाही. मार्गाच्या मध्यावर वासरश्टाट्सियोनपाशी खेळाडू रेल्वेच्या रुळांखालच्या बोगद्यातून जातात. ज्या रुळांवरून तुम्ही वर आलात, त्यांच्याच खालून. जाताना खिडकीतून ती जागा शोधा.

हवामानाबद्दल स्पष्ट सांगते: शनिवारी शर्यत न होण्याची शक्यता धरूनच या. 2017 च्या शनिवारी बर्फ पडत राहिला आणि डाउनहिल रद्द झाली. मी त्या दिवशी वर होते. घोषणा झाली, लोकांनी खांदे उडवले आणि सूप प्यायला गेले. रविवारचं स्लॅलम मात्र झालं. वारा, धुकं, नवा बर्फ, यातलं काहीही एक पुरेसं असतं. कधी सुरुवात खाली आणून मार्ग छोटा करतात, मग हुंडशोफवाले प्रेक्षक कोरडेच राहू शकतात. म्हणून मी सरावाच्या दिवसाचा एवढा आग्रह धरतेय. बुधवारी हुंडशोफ पाहून ठेवलं असेल तर शनिवारी काहीही झालं तरी मुलाची उडी बुडत नाही. तिकीट रद्द झाल्यास पैसे कोणत्या अटींवर परत मिळतात तेही विकत घेताना वाचा.

आता पाय. सगळे जॅकेटवर खर्च करतात आणि पायांत पुण्यातले स्पोर्ट शूज घालून येतात. तुम्ही चालणार नाही आहात, उभे राहणार आहात, चार-पाच तास, बर्फावर. चालणारा माणूस गरम राहतो, उभा राहणारा गोठतो. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे, जलरोधक बूट एक माप मोठे घ्या, म्हणजे आत लोकरीचे मोजे घालूनही बोटं हलतील. मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट झाला तर उलट जास्त गारठतं. आणि एक फुकटचा उपाय: पायांखाली घालायला योगाच्या जुन्या मॅटचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा. इथले म्हातारे लोक पुठ्ठ्यावर उभे असतात, नवखे बर्फावर. दुपारी दोनला कोण हसतंय ते पाहा.

बुटांना अडकवायचे रबरी काटे घ्याच, आईंसाठी तर सक्तीने. इथल्या दुकानांतही मिळतात. गावातल्या वाटा हजारो पायांनी घोटून काचेसारख्या होतात. माझ्या बाबांचा हात मोडला तो डोंगरावर नाही, स्टेशनबाहेरच्या सपाट रस्त्यावर. अंगात थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि गार पडतं. मफलर, कानटोपी, हातमोजे हे सांगायला नको, पण गॉगल आणि सनस्क्रीन सांगायला हवं. ऊन असेल तर बर्फावरून चेहरा भाजतो आणि संध्याकाळी तुम्ही महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखे दिसता. मोबाइल आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता बसते.

खाण्याचं. शर्यतीचा आठवडा म्हणजे जवळपास दरवर्षी संक्रांतीचा आठवडा. तिळगूळ घेऊन या. थंडीत उभं राहायला तीळ-गुळाच्या लाडवासारखं दुसरं काही नाही, आणि शेजारच्या स्विस माणसाला एक दिलात तर तो तुम्हाला त्याच्या घंटेला हात लावू देतो. शेंगदाण्याची चिक्की, भडंग, दशम्या, चटणी, सगळं चालेल. पण पेढे, तूप, खवा, दूध-मांसाचं काहीही भारतातून आणता येत नाही, कस्टममध्ये काढून घेतात. दशम्याही दुधात न भिजवलेल्याच.

डोंगरावर मिळतं ते असं: सॉसेज आणि पाव, राक्लेत म्हणजे वितळलेलं चीज बटाट्यावर, र्‍योस्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठ, आल्पलरमाग्रोनेन म्हणजे मॅकरोनी, बटाटा, चीज आणि सोबत चक्क सफरचंदाची चटणी. आई शाकाहारी असतील तर शेवटच्या दोन्हींत डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. "ओने फ्लाइश", म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. काटेकोर शाकाहारी असाल तर हेही सांगते की इथली बरीच पारंपरिक चीजं वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, बनतात. मग राक्लेतही बाद. घरून थर्मासमध्ये चहा आणि डबा हे सगळ्यात उत्तम, आणि स्वस्तही.

परतीची घाई करू नका. शर्यत संपल्यावर पहिल्या तासात स्टेशनवर जी गर्दी होते ती दादरच्या पुलाला लाजवेल, फक्त रांगेत आणि शांतपणे. गावात थांबा, बक्षीस समारंभ बघा, गरम चॉकलेट घ्या, अंधार पडल्यावर निघा. बर्फातून चालत लाउटरब्रुनेनला उतरू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

पुढच्या आठवड्यात ऑस्ट्रियात किट्सब्यूलची शर्यत असते, तीही जोडून करावी का, असं तुमच्या मिस्टरांनी विचारलंय. चौघांनी, सामानासकट, दिवसभराचा रेल्वेप्रवास करून? नको. त्यापेक्षा एक आठवडा आधी याच भागात अडेलबोडेनची शर्यत असते. दिवस पुढे-मागे करता आले तर रविवारी ती पाहून वेंगेनच्या आठवड्यात शिरा. फ्रुटिगेनपर्यंत रेल्वे, पुढे बस. तिथे खालच्या मैदानातून शेवटचा भिंतीसारखा उतार समोर दिसतो, आणि जायंट स्लॅलमचं (स्लॅलमपेक्षा मोठ्या वळणांची शर्यत) ते जगातलं सगळ्यात अवघड मैदान मानलं जातं.

युंगफ्राउयोखला, म्हणजे युंगफ्राउजवळच्या उंचावरच्या रेल्वे स्टेशनला, जायचं असेल तर शनिवार-रविवार सोडून जा. 3454 मीटर उंची आहे. आईंना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या, वर जाऊन नको.

व्हिसासाठी शर्यतीची तिकिटं लागत नाहीत, त्यामुळे त्यांची वाट पाहत बसू नका. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण तुम्ही ऑक्टोबरमध्येच करा, दिवाळीनंतर भेटीच्या वेळा भरून जातात. शुल्क माणशी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा. मुलगा दोन दिवस स्कीइंग शिकणार असेल, आणि ही शर्यत पाहून तो हट्ट धरणारच, तर विम्यात हिवाळी खेळ धरलेत ना ते पाहा. साध्या पॉलिसीत ते बहुधा वगळलेले असतात.

हॉटेल आजच राखून ठेवा, रद्द करता येईल असं. शर्यतीची तिकिटं विक्रीला आली की लगेच घ्या, बसायच्या जागा आधी संपतात. रविवारी आईंसाठी एक तरी तशी जागा मिळवा. घंटा मात्र तिथल्या दुकानात विकत घेऊ नका. माझ्याकडे दोन आहेत, त्यातली मोठी तुमच्या मुलाला उचलवते का ते बघू.